पतीचे नाव रिकामे ठेवता येणार नाही

कोणतेही काम एकटा माणूस सुरू करू शकतो. पण सुरू झालेले काम रीतसर थांबवायचे असेल तर मंडळ लागते. मोठमोठ्या शहरांतल्या संगणकवाल्यांना हे सत्य उमगायला पुढे बरीच वर्षे लागली म्हणतात. अहेरीच्या भैयाजी कोत्तावारांना ते आधीपासूनच ठाऊक होते, कारण त्यांनी चौतीस वर्षे सरकारी कचेरीत काढली होती. एकही कागद हातून न हरवता आणि एकही कागद फारसा पुढे न सरकवता ते कार्यालय अधीक्षक या पदावरून सन्मानाने निवृत्त झाले होते.

निवृत्तीनंतर माणसाचे हात शिवशिवतात. कुणी परसात माती उकरत बसतो, कुणी शेजाऱ्यांच्या सुनांना शिस्त लावतो. भैयाजींना फाइल लागायची. घरात फाइल नव्हती. मुलगा गुलाब गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात नोकरीला. घरात उरल्या फक्त भैयाजींच्या घरच्या, आणि त्यांच्यावर 'चर्चा करावी' असा शेरा मारण्याची सोय नव्हती. अशा कठीण काळात बाबूभाईंच्या अमरीनने एक प्रोग्राम लिहिला.

बाबूभाई म्हणजे लाऊडस्पीकरवाले. लग्न असो, उरूस असो, भीमजयंती असो की प्रचारसभा, अहेरीत जो काही आवाज होई तो बाबूभाईंच्या भोंग्यातूनच होई. महाशिवरात्रीला वैनगंगेकाठच्या मार्कंड्याच्या यात्रेतही त्यांचेच भोंगे. यात्रेत माणसे हरवतात आणि भोंग्यावरून पुकारली जातात, हा क्रम जुनाच. अमरीन नागपूरला संगणक शिकून परत आली होती आणि लग्नपत्रिका छापण्याचे दुकान चालवत होती. बापाच्या हातातल्या चिठ्ठ्या उडून जातात, एकच आजी तीनदा पुकारली जाते आणि जी सापडलीच आहे तिलाही पुकारतात, हे तिने लहानपणापासून पाहिले होते. तिने अठरा संध्याकाळी बसून प्रोग्राम लिहिला आणि त्याचे नाव ठेवले 'भेट'. हरवलेल्याची माहिती इकडून भरायची, सापडलेल्याची तिकडून. जुळले की संगणक सांगणार. प्रश्न तीन: नाव काय, गाव कोणते, सोबत कोण होते. दोन हजार चारच्या यात्रेत ती एकटी मांडवात बसली आणि हरवलेल्या चौसष्ट माणसांपैकी एकसष्ट तिने घरच्यांच्या हवाली केली. (उरलेले तिघे हरवले नव्हते, पळून गेले होते.)

मग अमरीनने एक घोडचूक केली. तिने तो प्रोग्राम मुक्त केला. म्हणजे कुणीही घ्यावा, वापरावा, आतली कारागिरी उघडून पाहावी, बदलावी, पुढे वाटावा. पैसा नाही आणि परवानगीही नाही. ही बातमी भैयाजींच्या कानावर गेली तेव्हा ते जेवत होते. हातातला घास तसाच राहिला.

"कोनीई बदल करू शकते म्हनते?" त्यांनी विचारले.

"हो काका," कुलदीप मेश्राम म्हणाला. हा बसस्टँडजवळ संगणकाचा क्लास चालवायचा आणि बातमी घेऊन तोच आला होता.

"मंग कोनी करू नये म्हनून कोन पाहून राह्यलं?"

कोणीच पाहत नव्हते. पंधरा दिवसांत 'भेट मुक्त प्रणाली विकास व संवर्धन मंडळ, अहेरी' स्थापन झाले. आजन्म अध्यक्ष भैयाजी, सचिव कुलदीप. अमरीनला सर्वानुमते सभासद करून घेण्यात आले.

मंडळाच्या कारभाराची थोरवी आकड्यांनीच सांगावी लागेल. पहिल्या एकोणीस महिन्यांत एक्केचाळीस सभा झाल्या, सगळ्या भैयाजींच्या ओसरीवर. सभासदसंख्या तीनशे बारा. त्यांपैकी घरी संगणक असलेले चार, प्रोग्राम लिहिता येणारी एक. इंटरनेटवर मंडळाचा पत्रव्यवहाराचा गट होता. त्यावर अकराशे चाळीस पत्रे पडली. पैकी सहाशे अकरा 'माझे नाव या गटातून काढा' अशा आशयाची आणि दोनशे सत्तर त्यांना 'सहमत' असे कळवणारी. चारेक महिने बोधचिन्हात मोर घ्यावा की सागाचे पान, यावर गेले. अखेर सागाच्या पानावर मोर बसवण्यात आला आणि तो कोंबडा दिसतो म्हणून उपसमिती नेमण्यात आली. आवृत्ती ०.९ पासून ०.९४ पर्यंत सरकली. १.० काढायला काहीच हरकत नव्हती, पण ती एखाद्या मोठ्या पुढाऱ्याच्या हस्ते काढायची होती आणि मोठ्या पुढाऱ्याची तारीख मिळत नव्हती.

अध्यक्ष स्वतः संगणकाला हात लावत नसत. त्यात त्यांचा मोठेपणा होता. कुलदीप सगळी पत्रे क्लासमध्ये छापून, टाचण्या लावून फाइलमध्ये आणायचा. भैयाजी समासात हिरव्या शाईने 'पाहिले', 'नियम पाहावा', 'मागील संदर्भ जोडावा' असे लिहायचे आणि कुलदीप ते परत टाईप करून इंटरनेटवर पाठवायचा. मुंबईच्या एका तरुण इंजिनिअरने सद्भावनेने एक सुधारणा पाठवली होती. तिला 'अर्ज विहित नमुन्यात नाही' असे उत्तर गेले. त्याने पुन्हा सुधारणा पाठवली नाही.

या सगळ्या सभांना चहा असे. स्वयंपाकघराच्या दारातून ट्रे पुढे यायचा, वर डोक्यावरचा पदर आणि खाली जोडव्यांची बोटे दिसायची, मग ट्रे रिकामा होऊन परत जायचा. कुलदीप आणि अमरीन त्यांना 'काकू' म्हणत, शेजारीपाजारी 'गुलाबची माय' म्हणत. भैयाजी 'ऐकलं काय वं' म्हणत. अडतीस वर्षांच्या संसारात एवढ्यावर भागले होते.

मंडळाने पहिली सुधारणा अर्थातच अर्जात केली. तीन प्रश्नांत माणूस सापडतो, ही गोष्टच भैयाजींना असभ्य वाटत होती. त्यांनी तेवीस प्रश्न केले. पैकी चौदा अनिवार्य, म्हणजे भरल्याशिवाय संगणक पुढचे पान उघडणारच नाही. नाव राशनकार्डावर असेल तेच चालेल. ओळखीची खूण पाहिजे. नेसलेल्या वस्त्राचा रंग पाहिजे. आणि स्त्री असेल तर पतीचे नाव पाहिजेच. जातीवरून कुणाला कमी लेखले जाऊ नये म्हणून आडनाव भोंग्यावर पुकारायचे नाही, असाही ठराव झाला (क्रमांक १७; तो खरोखर चांगला ठराव होता). आणि माइकवर कोणी काहीबाही बोलू नये म्हणून पडद्यावर येईल तेवढेच, नेमलेल्या कार्यकर्त्यानेच वाचायचे, असा ठराव २२.

दोन हजार पाचच्या यात्रेत दोनशे बारा नोंदी सुरू झाल्या आणि सदतीस पूर्ण झाल्या. वार्षिक अहवालात कुलदीपने लिहिले, 'पूर्ण झालेल्या नोंदींपैकी शंभर टक्के नोंदी पूर्ण आहेत.' हे वाक्य भैयाजींना इतके आवडले की त्यांनी ते फळ्यावर लिहून ठेवले.

त्याच यात्रेत मुलचेऱ्याकडच्या एका खेड्यातली मंगलीबाई मांडवात येऊन बसली. सत्तरीची असेल. नाव सांगितले, गाव सांगितले. पुढे 'पतीचे नाव' आले आणि म्हातारीने तोंड फिरवले.

"नाई बाप्पा," ती म्हणाली. "मालकाचं नाव कशी घेऊ?"

आता या भागात जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत, हे भैयाजींना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांच्या घरातच ती रीत होती. पण रीत ही घरातली बाब आणि नमुना ही कार्यालयीन बाब. मंगलीबाई सकाळी नऊपासून बसली. सायंकाळचे सहा झाले तरी संगणक त्याच पानावर आणि म्हातारी त्याच बाकावर. शेवटी अमरीन तिच्यापाशी खाली बसली आणि म्हणाली, "आजी, तुले लोक काय म्हनून हाक मारते?"

"लटारूची माय म्हनते."

अमरीनने बापाच्या भोंग्यावरून तीनदा 'लटारूची माय इथी हाय' म्हटले आणि चौथ्या मिनिटाला लटारू धावत आला. तो दिवसभर यात्रेत रडत फिरत होता. पन्नास वर्षांचा माणूस, पण आईच्या मांडीवर डोके ठेवून हुंदके देत होता.

त्या आठवड्यात अमरीनने दोन ओळींचा बदल लिहिला. पतीचे नाव ऐच्छिक करायचे, आणि एक नवा रकाना जोडायचा: 'लोक काय म्हणून हाक मारतात?' तो बदल तिने रीतसर मंडळाकडे पाठवला आणि मंडळाने त्यावर अकरा महिने विचार केला.

विचार मनापासून केला, हे मात्र मान्य करायला हवे. कुलदीपने मधला मार्ग सुचवला: बाया नुसते नाव घेत नसल्या तरी उखाण्यात घेतातच, तर रकान्यात उखाणा चालावा. लगेच उखाणा उपसमिती झाली. चाचणीला एका सभासदाच्या मावशीने लाजत लाजत उखाणा घेतला: 'वैनगंगेच्या वाळूत उमटले पाय, रामरावांचं नाव घेते, पुन्हा विचारता काय?' संगणकाने शिस्तीत पहिला शब्द उचलला आणि नवऱ्याचे नाव 'वैनगंगेच्या' असे नोंदवले. उपसमितीचा अहवाल अद्याप यायचा आहे.

"काका, दोन ओळी हायेत," अमरीन दर सभेत म्हणायची. "मी लिहून देल्या, तपासून देल्या. पुढच्या यात्रेत कोनाची तरी माय अशीच बसून राहीन न."

"बेटा, ओळी दोन असो का दोनशे," भैयाजी प्रेमाने म्हणायचे, "प्रक्रिया तं तेवढीच राह्यते."

त्यांचे तिच्यावर प्रेम होते, यात शंका नाही. तिचा अर्ज त्यांनी कधी फेटाळला नाही. तो फाइलमध्ये सगळ्यांत वर ठेवला होता आणि प्रत्येक नवा कागद त्याच्या खाली लागत होता.

दोन हजार सहाच्या जानेवारीत अमरीनने, मुक्त प्रणालीत ज्याला सगळेच घाबरतात आणि ज्याची सगळ्यांनाच मुभा असते, ते केले. तिने 'भेट'ची नक्कल केली, तिच्यात आपल्या दोन ओळी घातल्या, तेवीसचे चार प्रश्न केले (जुने तीन आणि हाकेचे नाव) आणि 'माझं केंद्र नदीकडे लावून राह्यली' असे कळवले. याला त्या धंद्यात फाटा फुटणे म्हणतात. मंडळाची तातडीची सभा झाली आणि ठराव २९ एकमताने संमत झाला: सदर फाटा अस्तित्वात नाही, आणि तो अस्तित्वात नसल्यामुळे कोणत्याही सभासदाने त्याच्या पन्नास पावलांच्या आत जाऊ नये. चहा नेहमीसारखाच आला. ट्रे परत जाताना आतून विचारणा झाली, "अमरीन काऊन नाई आली आज?" कुलदीपने इतिवृत्तात 'चहापान झाले' एवढेच लिहिले.

महाशिवरात्रीला मार्कंड्यात माणसांचा नुसता लोंढा. देवळाकडच्या अंगाला मंडळाचे अधिकृत केंद्र: कापडी फलक, सतरंजी, बोधचिन्हाचा मोर, आणि टेबलाशी चामोर्शीच्या कॉलेजची माधवी. ती तेवीस प्रश्नांचे दोन दिवसांचे प्रशिक्षण घेऊन बसली होती. नदीकडे, दोनशे पावलांवर, अस्तित्वात नसलेले केंद्र होते. त्याचा भोंगा मंडळाच्या भोंग्यापेक्षा खणखणीत वाजत होता, कारण बाबूभाईंनी चांगला भोंगा लेकीला दिला होता.

भैयाजींच्या घरच्या या वर्षी पहिल्यांदाच यात्रेला आल्या होत्या. अकरा वाजता, शेजारणींबरोबर नदीवर जाताना, भैयाजींनी बजावून सांगितले होते, "आंघोळ करून सरळ आपल्या केंद्रात येऊन बस. इकडेतिकडे जाऊ नको."

दोन वाजता शेजारणी एकट्याच आल्या.

"गुलाबची माय कुठी हाय?" भैयाजींनी विचारले.

"लो! ते तं कवाचीच गेली जी. केंद्रात जातो म्हने."

भैयाजी उठून उभे राहिले. ही बाई अहेरीच्या आठवडी बाजारातही कुणाच्या तरी पाठीमागे चालणारी. लिहिता-वाचता येत नाही. कमरेला पैसा नाही. इथे लाखभर माणसे, आणि वर नदीचे पात्र, ज्यात वाळू कुठे संपते आणि डोह कुठे सुरू होतो ते आंघोळ करणाऱ्याला कळत नाही. ते तडक टेबलाशी गेले.

"नोंद घे," ते माधवीला म्हणाले.

"हरवलेल्या व्यक्तीचं नाव, काका?"

भैयाजींनी आजूबाजूला पाहिले. "लिही न. घरचे."

"घरचे असं नाव घेत नाई जी हे. राशनकार्डावरचं पाहिजे म्हनते."

भैयाजींनी कुलदीपकडे पाहिले. कुलदीपने मोराकडे पाहिले. शेवटी भैयाजी टेबलावर वाकले आणि चोरून विडी मागावी तशा आवाजात म्हणाले, "सुलोचना."

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने त्यांनीच ते सासरचे नवे नाव कोरले होते. त्यानंतर ते तोंडाने उच्चारायची वेळ आज आली. कान लाल झाले.

"पतीचं नाव?"

"व्यंकटेश." (भैयाजी हे नाव लोकांनी ठेवलेले, राशनकार्ड लोकांचे ऐकत नाही.)

"आज नेसलेल्या लुगड्याचा रंग?"

सकाळी साडेपाचपासून ती बाई त्यांच्या डोळ्यांसमोर होती. एकाच जीपमध्ये, शेजारी बसून, साठ किलोमीटर. भैयाजींनी डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. "लुगड्यासारखाच रंग होता," ते म्हणाले.

"ओळखीची खूण?"

काहीच आठवेना. हा प्रश्न अनिवार्य असावा म्हणून ते स्वतः बाविसाव्या सभेत पाऊण तास बोलले होते. त्यांनी घाम पुसला आणि अडतीस वर्षांच्या संसाराला स्मरून ठोकून दिले, "उजव्या गालावर तीळ."

रंग पिवळा लिहिला. उंची पाच फूट लिहिली. तेवीसपैकी सहा उत्तरे खरी होती. पण सगळे रकाने भरले होते म्हणून संगणक खूश झाला. मंडळाच्या इतिहासातली ती सर्वांत परिपूर्ण नोंद होती. माधवी पडद्यावरचे वाचू लागली: "सुलोचना व्यंकटेश, वय सत्तावन्न, पिवळं लुगडं, उजव्या गालावर तीळ. असाल तिथून अधिकृत केंद्रात यावे." आडनाव, ठराव १७ प्रमाणे, वगळले.

दर दहा मिनिटांनी हे पुकारले जाऊ लागले. पुकारा संपूर्ण यात्रेत घुमत होता, नदीपर्यंत आणि पलीकडेही. कोणी आले नाही. चार वाजले. पाच वाजायला आले. अहेरीची शेवटची काळी-पिवळी जीप भरत आली आणि ड्रायव्हर निरोपावर निरोप पाठवू लागला.

"काका," कुलदीप हळूच म्हणाला, "नदीकडच्या केंद्रात इचारून येऊ काय?"

"कोनतं केंद्र?" भैयाजी म्हणाले. तोंडातून सवयीने गेले.

"अमरीनचं."

"ठराव एकोनतीस."

"ठराव रद्द करू न मंग."

"सात दिवसांची नोटीस लागते."

हे बोलून भैयाजींनी नदीकडे पाहिले. समोर ऊन उतरत होते. ओल्या लुगड्यांच्या बाया नदीकडून येत होत्या, आणि प्रत्येक पदराखालचा चेहरा ते वाकून पाहत होते. एक एक बाई जवळ आली की वाटायचे हीच, आणि मग वाटायचे, आपण तरी ओळखू ना? घरी गेल्यावर चूल थंड असेल. ओसरीवर खुर्च्या असतील, आतून ट्रे येणार नाही. पोराला फोनवर काय सांगायचे? तुझी माय हरवली आणि मी तिच्या गालावर तीळ लिहून आलो? ते उठले. माधवीच्या हातातला माइक त्यांनी ओढून घेतला. ठराव २२ तिथेच मोडला. आजन्म अध्यक्षांनी मोडलेला तो आयुष्यातला पहिला नियम.

"ऐकलं काय वं?" भैयाजी ओरडले. "कुठी हायेस? ऐकून राह्यली काय? मी हाय वं इथी!"

यात्रेत त्या क्षणी सुमारे त्रेचाळीस बाया होत्या तिथून उठून उभ्या राहिल्या. (आकडा कुलदीपचा, तेव्हा कमीच असेल.) त्यांतल्या बेचाळीस जणींनी आपापला नवरा शेजारीच पाहिला आणि त्या परत बसल्या. मग नदीकडचा खणखणीत भोंगा खरखरला. माइक कसा धरायचा हे ज्या माणसाला ठाऊक नाही त्याचा श्वास आधी ऐकू आला, आणि पाठोपाठ शब्द:

"ऐकलं काय जी? मी तं सकाळपासून आपल्याच केंद्रात बसून हाय. तुमीच कुठी हरवले?"

आता दीड-दोनशे पुरुषांनी माना वळवल्या. पण एकच जण पळत सुटला. पन्नास पावलांची हद्द कधी ओलांडली हे त्यांच्या ध्यानातही आले नाही.

भैयाजींच्या घरच्या तिथे बाबूभाईंच्या अॅम्प्लिफायरच्या खोक्यावर ऐसपैस बसल्या होत्या. मांडीवर शेंगांचा कागद, शेजारी घरून आणलेला डबा. लुगडे हिरवे होते. गालावर तीळ नव्हता. भैयाजींनी दोन्ही गाल नीट पाहून घेतले.

"तुले आपल्या केंद्रात बस म्हटलं होतं न!" ते रागावायला गेले, पण डोळ्यांत पाणी आले आणि रागाचे काही जमले नाही.

"मंग बसली न जी," त्या म्हणाल्या. "अमरीन बसली तेच आपलं केंद्र. मले काय वाचता येते?"

मग सगळा उलगडा झाला. त्या आंघोळ करून साडेअकरा-बारापासून तिथे होत्या. हरवलेल्या नव्हत्याच, म्हणून अमरीनने त्यांची नोंद केली नाही. देवळाकडचा पुकारा दोघींनी ऐकला होता, अठरा वेळा, आणि पिवळे लुगडे, गालावर तीळ ऐकून काकू 'हे कोनी दुसरीच' म्हणाल्या होत्या. अमरीनने भैयाजींच्या ओसरीवर चाळीसेक वेळा चहा प्यायला होता. पण काकूंचे नाव काय, हे तिलाही कधी कळले नव्हते, आणि तिनेही कधी विचारले नव्हते. त्याची तिला लाज वाटली. तसे तिने बोलूनही दाखवले. अशा रीतीने अधिकृत केंद्राजवळ बाईशिवाय नाव होते, फाट्याजवळ नावाशिवाय बाई होती, आणि दोन्ही केंद्रे दिवसभर उत्तम चालली होती.

जीपचा ड्रायव्हर स्वतः बोलवायला आला तेव्हा मंडळाची बेचाळिसावी सभा उभ्या उभ्या सुरू होती. ठराव २९ रद्द झाला. अमरीनच्या दोन ओळी मूळ 'भेट'मध्ये घेतल्या गेल्या. चार मिनिटे लागली. असा वेग मंडळात पुन्हा दिसला नाही. इतिवृत्त लिहिताना भैयाजी म्हणाले, "लिही, बदल अमरीन बाबूभाई शेख हिनं केला." पण सूचकाच्या रकान्यात फक्त पदाधिकारी बसत होता. कुलदीपने कसनुसे तोंड केले. भैयाजींनी क्षणभर विचार केला, अमरीनकडे पाहिले, घड्याळाकडे पाहिले आणि नाइलाजाने मान हलवली. इतिवृत्तात 'माननीय अध्यक्षांच्या मार्गदर्शनाखाली, एका सभासदाने' असे आहे. अमरीनने ते वाचले, हसली आणि वायरी गुंडाळू लागली.

जीप आष्टीच्या पुढे जंगलात शिरली. चौदा माणसे, दोन बकऱ्या. भैयाजी घरच्यांच्या शेजारी अंग चोरून बसले होते आणि हिरवे लुगडे पुन्हा पुन्हा पाहून पाठ करत होते.

"ऐकलं काय जी," त्या हळूच म्हणाल्या. "ते सुलोचना सापडली काय शेवटी?"

भैयाजींनी पायावर चढलेली बकरी बाजूला सारली.

"दिवसभर बोलावून राह्यले होते बिचारीले. गालावर तीळ हाय म्हने. मी अमरीनले म्हटलं, कसा घरवाला असन, जराबी ध्यान नाई."

"सापडली," भैयाजी म्हणाले.

"बरं झालं बाप्पा," त्या म्हणाल्या आणि त्यांच्या खांद्याला टेकून झोपल्या.

'भेट' आता १.० झाली आहे आणि कुणालाही फुकट मिळते. हे वाचून ज्यांना भैयाजींवर हसावेसे वाटले त्यांनी खुशाल हसावे. प्रणाली मुक्त आहे. नव्या आवृत्तीत अमरीनने मंडळाला न विचारता आणखी एक रकाना घातला आहे. तो वापरणाऱ्याने स्वतःबद्दल भरायचा: आईच्या आईचे नाव. 'आजी' चालत नाही, आडनावही चालत नाही. भरलाच पाहिजे असे मुळीच नाही. आतापर्यंत चारशे जणांनी 'भेट'ची फुकट वाटलेली सीडी लावली. तीनशे एक्याण्णव जण त्या रकान्यापाशी थांबले, थोडा वेळ वर छताकडे पाहत बसले, अगदी आत्ता तुम्ही बसला आहात तसेच, आणि तो रिकामा ठेवून पुढे गेले.